सात वर्तुळांचा उतार

१

आमचं काम सांगायला सोपं आहे. हातोडीनं ठोकायचं, कान द्यायचा आणि खूण करायची. एकजण ठोकतो आणि तोंडानं सांगतो, दुसरा नकाशावर लिहितो. काँक्रीट चांगलं असलं की आवाज खणखणीत येतो, हातोडी उसळून हाताला परत लागते. आतला थर सुटला असेल तर आवाज बसतो, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. पहिल्याला आम्ही ‘भरीव’ म्हणतो, दुसऱ्याला ‘पोकळ’. दिवसभर हे दोनच शब्द. एकवीस वर्षं मी ते ऐकत आलेय, आणि त्यातली अठरा वर्षं ओव्हिला बेरेरच्या तोंडून.

ओव्हिलाचे कान म्हणजे आमच्या कंपनीची इस्टेट होती. यंत्रं आली, पडद्यावर रंगीत पट्टे दिसायला लागले, तरी मॉन्ट्रियलमधल्या कुठल्याही पुलाखाली शंका आली की आधी ओव्हिलाला बोलावत. एकसष्ट वर्षांचा, ठेंगणा, दोन्ही गुडघे कुरकुरणारा. जेवणाच्या सुट्टीत उकडलेलं अंडं बाकावर ठोकायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, “पोकळ. लिही, मारियेल.” अठरा वर्षं तोच विनोद. आणि अठरा वर्षं मला हसू यायचं, त्याला काय करणार?

त्या सप्टेंबरात आम्हाला बेटावरचं काम मिळालं. एक्स्पो, म्हणजे ते जागतिक प्रदर्शन, झालं होतं त्या बेटावरचं. बेचाळीस वर्षांपूर्वी सगळं जग सहा महिने तिथे लोटलं होतं. मग देशोदेशींची पॅव्हिलियनं पाडली, विकली, काही जळली. एक तेवढं उरलं होतं, झाडीमागे, पाण्याच्या कडेला. ज्यांनी बांधलं त्यांनी जाताना किल्ली शहराच्या हवाली केली. शहरानं त्यात काही वर्षं मोडक्या खुर्च्या ठेवल्या, नंतर खुर्च्याही हलवल्या. आता येत्या मे महिन्यात ते लोकांसाठी पुन्हा उघडायचं घाटत होतं. इमारत धड आहे की नाही, एवढं आम्ही सांगायचं होतं.

“तुम्ही आला होतात का तेव्हा इथे?” पहिल्या दिवशी मी विचारलं.

“एकोणीस वर्षांचा होतो. सबंध उन्हाळा पडीक होतो बेटावर.”

“मग काय काय होतं हो या पॅव्हिलियनमध्ये?”

“ते मला विचारू नकोस, पोरी. मी काय पॅव्हिलियनं बघायला येत होतो?”

२

बाहेरून ती इमारत उभ्या ठेवलेल्या शिंपल्यासारखी दिसायची. बाहेरच्या भिंतीच्या कडेनं एक जिना थेट वरच्या दारापर्यंत जायचा. आत शिरलं की रुंद उतार सुरू व्हायचा. मधल्या मोकळ्या जागेभोवती तीन वळसे घेत तो खाली बाहेरच्या दाराशी संपायचा. खिडकी एकही नाही. छताला एक गोल काच, तिच्यातून दुधट उजेड झिरपत खाली यायचा. भिंतीवर पुसट पिवळे बाण, सगळे खालच्या दिशेचे. आणि उताराच्या कडेनं जमिनीवर सात वर्तुळं. काहीतरी मांडून ठेवलेलं असणार तिथे. आता कापलेल्या बोल्टांचे गंजके खुंट तेवढे राहिले होते.

आवाज मात्र सुरेख होता त्या जागेला. ओव्हिला वरून ठोकायचा आणि प्रत्येक ठोका वळसे घेत खाली उतरायचा. “जुन्या माणसांनी काम चोख केलंय,” तो म्हणायचा. भरीव, भरीव, भरीव. पहिले दोन दिवस मी दुसरं काही लिहिलंच नाही.

मंगळवारी पहिल्या वर्तुळासमोर आतल्या भिंतीवर हातोडी बसली. ढब.

“पोकळ.” त्यानं कडेकडेनं ठोकत हद्द शोधली, मी मागून खडूनं रेघ ओढत गेले. जमिनीपासून सुरू होऊन साधारण पावणेदोन मीटर उंच. रुंदी हातभर, मध्ये थोडी जास्त, वर पुन्हा निमुळती. आम्ही दोन पावलं मागे सरून बघितलं.

“डोकं बारीक, पोट सुटलेलं,” मी म्हटलं. “हा तर आपला गेतां.”

गेतां रोबेर्ज आमचा साहेब. ओव्हिला इतका हसला की त्याला खोकला लागला.

बुधवारी सकाळी मी फोटो काढायला गेले. सवयीनं खडूच्या रेघेच्या आत एक ठोका मारला. खण्ण. पुन्हा मारला, मग खालपासून वरपर्यंत मारत गेले. रेघेच्या आतली सगळी भिंत भरीव होती.

“ओव्हिला, जरा इकडे येता का?”

त्यानं स्वतः ठोकलं. बराच वेळ. मग हातोडी पँटला पुसली. ओली नव्हती तरी.

“काल ऐकलंस ना तू?”

“ऐकलं.”

“मग?”

“थंडी वाढलीय. आकसलं असेल काहीतरी.”

सुटलेलं काँक्रीट परत जुळत नाही. हे त्यानंच मला आमच्या जोडीच्या पहिल्या आठवड्यात बजावलं होतं.

तासाभरानं, चार मीटर खाली, त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर पुन्हा ढब वाजलं. तीच हातभर रुंदी. तेच निमुळतं डोकं.

३

मी हिशेबी बाई आहे. घाबरण्याआधी मी मोजते. त्या दिवसापासून रोज सकाळी पोहोचल्याबरोबर आधी ती जागा शोधायची, मग बाकीचं काम, असं मी ठरवलं. खडूची रेघ, रेघेशेजारी तारीख, नकाशावर ठिपका.

दहा दिवसांत नकाशावर ठिपक्यांची एक ओळ तयार झाली. पोकळी उतरत होती. कधीच वर जात नव्हती. एका दिवशी चार मीटर, एका दिवशी सहा. दुसऱ्या वर्तुळासमोर ती दोन दिवस थांबली. तिसऱ्यासमोरही दोन. चौथ्यासमोर तीन दिवस, आणि तिथे खडूची आकृती जरा पुढे झुकल्यासारखी निघाली. वरचा भाग वर्तुळाच्या बाजूला कललेला.

मी स्वतःला समजावत होते. ओलावा भिंतीत सरकतो. गज गंजतो, फुगतो. उताराच्या इमारतीत पाणी खालीच जाणार, म्हणून ठिपके खाली जातायत. वर्तुळांपाशी बोल्टांची भोकं, तिथे पाणी साठणार, म्हणून मुक्काम. वाईट स्पष्टीकरण नव्हतं. मी ते ओव्हिलाला ऐकवलं.

तो क्रेतोंचं, म्हणजे डुकराच्या मसालेदार खिम्याचं, सँडविच खात उतारावर बसला होता. चावणं थांबवून म्हणाला, “पाणी चौथ्याच वर्तुळाशी तीन दिवस का थांबेल?”

“भोक मोठं असेल.”

“की तिथे मांडलेलं जास्त आवडलं असेल?”

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही.

“मारियेल, बाण बघ. लोक वरून यायचे, बघत बघत उतरायचे. प्रत्येक ठिकाणी जरा थांबायचे.” त्यानं सँडविच कागदात परत गुंडाळलं. “ती भेग नाहीये. ते बघायला आलंय.”

बेट अगदी शांत होतं. पलीकडच्या टोकाच्या करमणूक बागेतले पाळणे उन्हाळा संपल्यावर फक्त शनिवार-रविवारी चालायचे. आमच्या दिवसांत नदीचा आवाज तेवढा यायचा, तोही दार उघडं असलं तर.

“दार उघडं ठेवू का?” मी विचारलं.

“ठेव,” तो म्हणाला.

४

गेतांनं नकाशा टेबलावर पसरला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेला.

“अठरा दिवस. दहा-बारा पोकळ जागा. आणि त्यातली एकही आता पोकळ नाही?”

“शेवटची आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे तुम्ही दोघं दर एक-दोन दिवसांनी एक चूक करता आणि मग ती सुधारता.” त्यानं चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. “ओव्हिला, तुझं वय आता...”

“माझं वय मला माहीत आहे.”

“एकदा कान तपासून घे. एवढंच म्हणतोय.”

ओव्हिला उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला. त्या बैठकीनंतर पहिल्यांदा मला तो म्हातारा दिसला. लिफ्टपाशी त्यानं चुकीचं बटण दाबलं.

तपासणीला मी त्याच्याबरोबर गेले. काचेच्या खोलीत मोठे हेडफोन लावून तो शाळकरी मुलासारखा ताठ बसला होता. तपासणाऱ्या बाईंनी निकालाचा कागद दिला तेव्हा त्या स्वतःच आश्चर्यानं म्हणाल्या, “तिशीतल्या माणसाचे कान आहेत हो तुमचे.”

मला वाटलं तो खूश होईल. गाडीत बसल्यावर त्यानं कागदाची चौकोनी घडी केली, आणखी एक घडी केली.

“बहिरा निघालो असतो तर बरं झालं असतं,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात गुरुवारी आम्ही भिंतीला भोक पाडलं. पोकळी पाचव्या वर्तुळासमोर होती. तिच्या बरोबर मधोमध यंत्र लावलं आणि मनगटाएवढा काँक्रीटचा दांडा काढला. पंचवीस सेंटिमीटर लांब, एक चीर नाही, एक बुडबुडा नाही. जमिनीवर ठेवून ठोकला. खण्ण. भोकाच्या शेजारी भिंत ठोकली. ढब.

भोकातून पलीकडचा दुधट उजेड दिसत होता. म्हणजे आत काहीच नव्हतं. पोकळीसुद्धा नव्हती.

ओव्हिलानं गुडघे टेकले आणि भोकाला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला.

“काय ऐकू येतंय?”

“वारा,” तो म्हणाला आणि भोक बुजवायला घेतलं.

५

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पोकळी सातव्या वर्तुळापाशी पोहोचली. तिथून बाहेरचं दार आठ मीटरवर. ओव्हिलानं गाडीतून दोन घडीच्या खुर्च्या आणल्या.

“आज बसून राहायचं,” तो म्हणाला. “कसं सरकतं ते बघू.”

सकाळी नऊला बसलो. दर अर्ध्या तासानं तो उठायचा, ठोकायचा. पोकळ. मी वेळ लिहायचे. साडेनऊ, दहा, साडेदहा. जागचं हललं नाही. आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो, त्याच्या बायकोनं, लॉरेटनं, दिलेला सफरचंदाचा केक खाल्ला. तो मला त्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगत होता. एका बेल्जियन मुलीला त्यानं आपण वैमानिक आहोत असं सांगितलं होतं. आठवडाभर थाप निभावली, मग तिचे वडील खरे वैमानिक निघाले. मी पोट धरून हसले. माझं हसणं वळसे घेत वर गेलं, आणि वरून परत आलं तेव्हा जरा उशीर झाल्यासारखं वाटलं.

दुपारी एकच्या सुमाराला गेतांचा फोन आला. आत आवाज तुटत होता, म्हणून मी बाहेर गेले. पाण्याच्या कडेला उभी राहून त्याचं ऐकून घेतलं. सोमवारपर्यंत अहवाल हवा, वगैरे. दहा मिनिटं, फार तर बारा.

परत आले तर ओव्हिला बाहेरच्या दाराच्या चौकटीपाशी उभा होता. उजवा तळवा भिंतीवर टेकलेला. हातोडी खुर्चीवर.

“गेलं,” तो म्हणाला.

“कुठे?”

“गेलं म्हणजे गेलं. ठोकून बघ.”

मी सातव्या वर्तुळापासून दारापर्यंत इंचाइंचाला ठोकलं. भरीव. मग दोन्ही बाजू, मग वरपर्यंत तिन्ही वळसे. खाली उतरले तेव्हा माझा दंड भरून आला होता आणि मी हसत होते. सगळी इमारत एका दगडातून कोरल्यासारखी खणखणीत होती.

“संपलं की हो, ओव्हिला! बाहेर गेलं आपल्या वाटेनं. चला, आज तुम्हाला बिअर पाजते.”

“हो,” तो म्हणाला. “खुर्च्या घेतो.”

तो माझ्यासमोरून खुर्च्यांकडे चालत गेला. सात-आठ पावलं असतील. त्याच्या पायात नेहमीचे जाड तळाचे बूट. त्याच जमिनीवरून मी आत्ता चालत आले होते.

ढब. ढब. ढब.

तो थांबला. मीही थांबले. तो गेला त्याच फरशीवरून मी मुद्दाम चालले. खण, खण, खण. तो एक पाऊल मागे आला. ढब.

त्याच्याइतकं नेमकं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं जाकिटाची चेन खाली केली, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवलं आणि त्या पेरानं स्वतःच्या छातीच्या मधोमध ठोकलं. भिंत ठोकतात तसं. एकदा खाली, एकदा मध्ये, एकदा गळ्याखाली.

तो आवाज माणसाच्या छातीतून येण्यासारखा नव्हता. याहून जास्त मला सांगता येत नाही.

“लिही,” ओव्हिला म्हणाला.

“काय लिहू?”

“ऐकलंस ते.”

खडू माझ्या हातात होता. मी लिहिलं नाही.

६

डॉक्टरांना काही सापडलं नाही. रक्त चांगलं, हृदय चांगलं, छातीचे फोटो स्वच्छ. एका तरुण डॉक्टरनं त्याच्या पाठीवर बोटं ठेवून ठोकलं, थबकला, पुन्हा ठोकलं. आपल्या बोटांकडे बघितलं. मग आणखी एक फोटो काढायला पाठवलं. तोही स्वच्छ आला.

ओव्हिला जेवायचा, झोपायचा. दुखत काहीच नव्हतं. फक्त कमी होत गेला. डिसेंबरात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा लॉरेटनं मला स्वैपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

“खरं सांग, त्या बेटावर काय झालं?”

“काही नाही झालं. आम्ही भिंती तपासल्या.”

“अडतीस वर्षं झाली लग्नाला. हा माणूस घरात कुठे आहे ते मला पावलावरून कळतं.” तिनं माझा दंड घट्ट धरला होता. “हा जो पॅसेजमधून चालतो ना, तो तो नाही गं.”

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते? सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

जानेवारीत त्याला इस्पितळात ठेवलं. मी रोज संध्याकाळी जायचे. एकदा मी उकडलेलं अंडं नेलं होतं. तो ते हातात धरून बसला, ठोकलं नाही.

“त्या दिवशी वारा नव्हता,” तो एकदम म्हणाला.

“कोणत्या दिवशी?”

“भोक पाडलं तेव्हा. मी तुला वारा म्हणालो. काहीच ऐकू येत नव्हतं, मारियेल. पण कुणी श्वास रोखून धरला की जसं ऐकू येत नाही ना, तसं.”

“ओव्हिला, नका हो बोलू.”

“मला भीती नाही वाटत. तेच तर.” तो छताकडे बघत होता. “भीती वाटायला आत काहीतरी लागतं.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. कागदावर त्यांनी हृदय लिहिलं. शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत मी होते. चर्चच्या पायऱ्यांवर बर्फ होता, सगळे जपून उतरत होते. माझ्या पुढचा माणूस, ओव्हिलाचा पुतण्या, खांद्यावरचं वजन तोलत मान वळवून हळूच म्हणाला, “आहेत ना आत काका?” कुणीतरी त्याला गप्प केलं.

अहवालावर मी त्याच महिन्यात सही केली. गेतांनं मला समोर बसवलं, कॉफी दिली.

“मारियेल, एकच विचारतो. आत्ता, आजच्या तारखेला, त्या भिंती भरीव आहेत की नाहीत?”

“आहेत.”

“मग?”

सहीच्या जागेवर दोन ओळी होत्या. ओव्हिलाची कोरी राहिली.

७

उद्घाटन मे महिन्याच्या चौथ्या रविवारी होतं. आदल्या दिवशी मी बेटावर गेले. बाहेरच्या भिंतीवर चिरा मोजायच्या दोन पट्ट्या लावलेल्या होत्या, त्या काढायच्या राहिल्या होत्या. दहा मिनिटांचं काम. हातोडी पिशवीत होती, कारण ती पिशवीत असतेच.

जागा ओळखू येत नव्हती. भिंतीला नवा पांढरा रंग, झाडी छाटलेली, रंगीत पताका. जिन्याच्या तोंडाशी दोरी लावून ठेवली होती. पलीकडून पाळण्यांवरच्या पोरांच्या किंकाळ्या येत होत्या. ऊन छान होतं. मी पट्ट्या काढल्या, पिशवीत टाकल्या. आणि निघायच्या आधी, एकवीस वर्षांची सवय म्हणा, जिन्याशेजारच्या भिंतीवर एक ठोका मारला.

ढब.

मी उभी राहिले. मग हद्द शोधली. पावणेदोन मीटरहून थोडी कमी, खांदे अरुंद. खडूनं रेघ ओढली. अर्ध्या हातावर पुन्हा ढब. ही उंच होती. तिच्याशेजारची माझ्या कमरेपर्यंत पोहोचत होती, आणि उंच आकृतीला एका बाजूनं चिकटलेली होती, हाताएवढ्या जागेत. पुढे आणखी एक. आणखी एक. एकामागे एक, जिन्याकडे तोंड करून, मधे एकसारखं अंतर ठेवून.

मी खडू संपेपर्यंत रेघा ओढल्या. एकेचाळीस झाल्या. मग नुसतं ठोकत गेले. भिंत संपली तिथे वळले. कोपऱ्यापलीकडे, सावलीच्या बाजूला, जिथे नदी अगदी भिंतीला लागते, तिथेही होत्या. मी सत्तरनंतर मोजायचं सोडलं. तिकडचं टोक मला लागलं नाही.

परत जिन्यापाशी आले तेव्हा अर्धा तास गेला असेल. पहिल्या आकृतीच्या आत ठोकलं. आवाज पोकळच होता, पण हद्द जुळेना. पोकळी रेघेबाहेर, वरपर्यंत गेली होती. मी नव्यानं चाचपली. ती उंच आकृती होती. तिला चिकटून, कमरेएवढी, छोटी.

अरुंद खांद्यांची तिथे नव्हती. रांग एकानं पुढे सरकली होती.

मी गेतांला फोन केला. काय बोलले ते नीट आठवत नाही. तो शांतपणे ऐकत होता, आणि त्याच्या शांतपणावरूनच मला कळलं की त्याचा विश्वास बसलेला नाही.

“मारियेल, ओव्हिला गेल्यापासून तू एक दिवस रजा घेतली नाहीस,” तो म्हणाला. “सोमवारपासून घे. आणि भिंतीवर खडू लावला असशील तर पुसून टाक. उद्या महापौर येणार आहेत.”

मी बाहीनं रेघा पुसल्या. सगळ्या.

रविवारी मी दहालाच तिथे होते. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. घरी बसवेना, एवढंच. मला वाटलं होतं शंभर-दोनशे लोक येतील. शहर लोटलं होतं. पोरं खांद्यावर घेतलेले बाप, चाकाच्या खुर्चीतल्या आज्या, त्या उन्हाळ्यातल्या आठवणी एकमेकांना मोठ्यानं सांगणारी सत्तरीची माणसं. जिन्याच्या दोरीपासून रांग सुरू झाली आणि भिंतीच्या कडेकडेनं मागे वाढत गेली. अकराचं ऊन भिंतीवर पडलं होतं. हिवाळ्यानंतर उन्हानं तापलेल्या भिंतीला टेकून उभं राहण्याइतकं सुख नाही आमच्याकडे. एकेकजण टेकला. पाठी, खांदे, एका बाईनं तर डोळे मिटून गालच लावला.

“टेकू नका!” मी ओरडले. “भिंतीला टेकू नका कुणी!”

बरीच डोकी वळली. माझ्या जवळचा एक म्हातारा, निळा सूट, छातीवर जुना बिल्ला, प्रेमळपणे म्हणाला, “का हो बाई? काय झालं?”

ठोकायचं, ऐकायचं, सांगायचं, एवढंच मला येतं, आणि सांगून झालं होतं.

“रंग ओला आहे,” मी म्हटलं.

“अरे बापरे!”

तो झटकन बाजूला झाला. त्याच्यामागचे झाले, त्यांच्यामागचे. शब्द रांगेतून मागे गेला, ओला आहे, ओला आहे, आणि सबंध रांग भिंतीपासून हातभर सुटली. लोक एकमेकांच्या पाठी तपासत होते, हसत होते, पोरांना ओढत होते. मी तेवढा वेळ श्वास घेतला.

म्हाताऱ्यानं तळवा भिंतीवर फिरवला, उलटा करून बघितला. मग माझ्याकडे बघून मिश्किल हसला.

“कोरडा ठणठणीत आहे की हो,” तो म्हणाला, आणि आरामात पाठ टेकून उभा राहिला.

त्याच्यामागचे टेकले. मग त्यांच्यामागचे. मग वरचं दार उघडलं आणि कुणीतरी दोरी सोडली.